बर्फातली नळी

ऑक्सिटोसिन मोजायचं तर सगळ्यात आधी बर्फ लागतो. यंत्र, किट, अँटिबॉडी ही मंडळी नंतर. कळा सुरू असलेल्या बाईच्या ज्या हाताला सलाईन नाही, त्या हाताच्या इंट्राकॅथमधून दोन-तीन मिलिलिटर रक्त घ्यायचं, जांभळ्या टोपीच्या नळीत सोडायचं, नळी हलकेच उलटीपालटी करून बर्फात खोचायची आणि थंड सेंट्रिफ्यूज जिथे असेल तिथवर पळत सुटायचं. आमचं सेंट्रिफ्यूज लेबर रूमपासून दोन मजले खाली होतं आणि लिफ्ट रात्री दहानंतर बंद. बर्फाचं मशीन संध्याकाळी कुलपात जायचं, म्हणून बर्फ यायचा कँटीनच्या मामांकडून, सरबतासाठी ठेवलेल्यातला. मामा दर वेळी विचारायचे, "मॅडम, एवढ्या रात्री सरबत कोणाला?" पहिल्या आठवड्यात मी त्यांना समजावून सांगायचे. नंतर नुसती थर्माकोलची पेटी पुढे करू लागले.

या पुस्तकाच्या लेखिका तेव्हा त्या लेबर रूममध्ये रेसिडेंट होत्या आणि मी खालच्या प्रयोगशाळेत बायोकेमिस्ट. नळी माझ्या हातात देताना त्या नेहमी एकच विचारायच्या: "मॅडम, हा आकडा आला की मी पेशंटला काय सांगू?" मी म्हणायचे, आधी आकडा तर येऊ दे. आज त्यांचं पुस्तक तयार आहे, त्या स्वतः रेसिडेंट्सना शिकवतात, आणि तो प्रश्न तिथल्या तिथेच आहे. प्रस्तावना माझ्याकडे का आली याचा अंदाज मला आहे. उत्तर त्यांना पुस्तकभर द्यावं लागलंय. निदान त्यात काय अडचण आहे ते तरी मी सांगावं, असा हिशेब असणार.

एक गोष्ट पहिल्यांदाच सांगून टाकते, म्हणजे कोणी घाबरून रिपोर्ट मागायला जाणार नाही. बाळंतपणात रक्तातलं ऑक्सिटोसिन मोजणं ही रोजची तपासणी नाही. हिमोग्लोबिन, शुगर, थायरॉइड तपासतात तसं ते कुठे तपासत नाहीत आणि त्यावरून उपचारही ठरत नाहीत. ते मोजतात संशोधनासाठी, बाईची लेखी संमती घेऊन. लेबर रूममध्ये चालतो तो सिस्टरचा हात. तळहात पोटावर, नजर घड्याळाच्या सेकंदकाट्यावर: "दहा मिनिटांत तीन, चाळीस-चाळीस सेकंदांच्या." आणि मग तपासून, "चार बोटं उघडलंय." माझ्या प्रयोगशाळेतलं कुठलंही यंत्र त्या हाताइतक्या लवकर उत्तर देत नाही, हे मला कबूल करायला जड जातं, पण आहे तसं आहे.

मग मोजायचं तरी कशाला? कारण हे हार्मोन काय करतं ते आपल्याला फार पूर्वीपासून ठाऊक आहे, आणि कसं करतं ते अजून पुरतं ठाऊक नाही. मराठीत त्याच्या दोन्ही कामांना आपापले शब्द आहेत. एक कळ, दुसरा पान्हा. गर्भाशयाचा स्नायू आवळतो ती कळ; स्तनातल्या दुधाच्या पिशव्यांभोवतालच्या बारीक पेशी आवळतात आणि साठलेलं दूध वाहू लागतं तो पान्हा. दोन्हीकडे निरोप घेऊन जाणारा रेणू तोच. गोठ्यात वावरलेल्या माणसाला हेही माहीत असतं की म्हैस पान्हा चोरते. अनोळखी माणूस धार काढायला बसला, रेडकू जवळ नसलं, कुत्रं भुंकलं, की कास भरलेली असूनही दूध उतरत नाही. अमेरिकेत एली आणि पीटरसन या दोघांनी १९४१ साली हेच रीतसर करून पाहिलं. गाईच्या पाठीवर मांजर ठेवलं आणि कागदी पिशव्या फोडून आवाज केले, दूध अडलं. भीतीने दूध अडतं हे आपल्या गवळ्यांना सांगायला मांजराची गरज नव्हती, पण विज्ञानात पुरावा छापावा लागतो.

नाव मात्र ग्रीक. ऑक्सिस म्हणजे जलद, टोकोस म्हणजे जन्म. १९०६ साली हेन्री डेल राय नावाच्या धान्यावर पडणाऱ्या बुरशीचा, अर्गटचा, अभ्यास करत होता. त्या कामाच्या ओघात त्याने बैलाच्या पिट्युटरी ग्रंथीचा अर्क मांजरीला टोचला आणि तिचं गर्भाशय आवळताना पाहिलं. पुढे त्याला नोबेल मिळालं ते भलत्याच कामासाठी. तीन वर्षांनी, १९०९ मध्ये, लिव्हरपूलच्या ब्लेअर-बेल यांनी तो अर्क बाळंतिणींसाठी वापरल्याचं लिहिलं. अर्क कच्चा, मात्रा अंदाजाची. जास्त पडली तर गर्भाशय फाटण्यापर्यंत वेळ यायची. १९२८ मध्ये पार्क-डेव्हिस कंपनीत ऑलिव्हर काम आणि सहकाऱ्यांनी अर्कातले दोन भाग वेगळे केले, एक कळांचा आणि एक रक्तदाब व लघवीचा. तेव्हा कुठे हातात थोडं नेमकं औषध आलं.

हे सगळं चालू असताना ऑक्सिटोसिन मोजायचे कसे? जनावराला विचारून. उंदराच्या गर्भाशयाची पट्टी भांड्यात टांगायची आणि ती किती आवळते ते बघायचं, किंवा कोंबड्याच्या शिरेत अर्क सोडून त्याचा रक्तदाब किती उतरतो ते बघायचं. आजही ऑक्सिटोसिनच्या अँप्यूलवर मिलिग्रॅमचा आकडा नसतो, युनिट असतात. पाच युनिट, दहा युनिट. सिस्टर अँप्यूल फोडते तेव्हा तिला कल्पना नसते, पण ती त्या कोंबड्यांच्याच मापाने मोजत असते.

रेणू नेमका कसा दिसतो ते न्यूयॉर्कमध्ये कॉर्नेलच्या मेडिकल कॉलेजात व्हिन्सेंट द्यू विन्यू यांनी १९५३ मध्ये दाखवलं, आणि लगेच तो प्रयोगशाळेत बनवूनही दाखवला. १९५५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. नऊ अमिनो आम्लं, बस. त्यातल्या सहांचं एक कडं आणि तिघांची शेपटी. इन्सुलिनपुढे हे पिल्लूच. आणि याला सख्खं भावंडही आहे: व्हॅसोप्रेसिन, लघवी आणि रक्तदाब सांभाळणारं. नऊपैकी सात मणी सारखे, दोनच वेगळे. मोजणाऱ्याच्या अर्ध्या कटकटी इथून सुरू होतात.

राहिलेल्या अर्ध्या मात्रेच्या. रक्तातलं ऑक्सिटोसिन पिकोग्रॅममध्ये मोजतात. एका ग्रॅमचे लाख कोटी भाग केले तर त्यातला एक. लाख कोटी हा आकडा आपण एरवी फक्त अर्थसंकल्पाच्या दिवशी ऐकतो. एक मिलिलिटर रक्तात साखर असते सुमारे एक मिलिग्रॅम, म्हणजे शंभर कोटी पिकोग्रॅम. त्याच मिलिलिटरात ऑक्सिटोसिन, जुन्या आणि काटेकोर पद्धतीने मोजलं तर, एरवी एक ते दहा पिकोग्रॅमच्या घरात. शुगर तपासणं हे गर्दीत माणसं मोजण्यासारखं आहे; इथे सबंध गर्दीतून एक चेहरा ओळखायचा असतो, तोही जुळ्या भावाशी गल्लत न होऊ देता.

वाट काढली रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या सैनिकांच्या हॉस्पिटलात, १९६० च्या आसपास, इन्सुलिनसाठी. ती पद्धत मी विद्यार्थ्यांना पंगतीच्या भाषेत सांगायचे. पाट मोजकेच मांडलेत. हे पाट म्हणजे अँटिबॉडी. त्यावर बसायला दोन प्रकारचे पाहुणे येतात: एक आपण कपाळावर किरणोत्सारी टिळा लावून आणलेले आणि दुसरे रक्तातून आलेले, बिनटिळ्याचे. रक्तातले जितके जास्त, तितके टिळ्याचे पाहुणे उभे राहतात. उभे किती, बसलेले किती ते मोजलं की रक्तातून किती आले ते कळतं. यॅलोबाईंना १९७७ साली नोबेल मिळालं. बर्सन तोवर वारले होते आणि नोबेल मागे गेलेल्यांना देत नाहीत.

ऑक्सिटोसिनसाठी हे पाट बनवणंच अवघड होतं. अँटिबॉडी करायची ती सशात. पण सशाचं ऑक्सिटोसिन आणि माणसाचं ऑक्सिटोसिन एकच आहे. सशाच्या शरीराला ते परकं वाटणार कसं? शिवाय इतक्या चिमुकल्या रेणूची दखलही कोणी घेत नाही. म्हणून त्याला एखाद्या थोराड प्रथिनाच्या गळ्यात बांधून टोचायचं. लंडनमध्ये टिम चार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये ऑक्सिटोसिन मोजण्याची पद्धत बसवली. त्यांनी पुढल्याच वर्षी नाळेतलं रक्त तपासलं, तेव्हा बाळाकडून वारेकडे जाणाऱ्या रक्तात ऑक्सिटोसिन जास्त आणि वारेकडून बाळाकडे येणाऱ्या रक्तात कमी निघालं. म्हणजे जन्माला येणारं मूलही ते बनवतं. सगळं काम आईच करते या समजुतीला तिथे एक बारीक टाचणी लागली. पुस्तकातल्या चौथ्या प्रकरणात लेखिकेने त्यावर मजेशीर लिहिलंय. मी इथे थांबते.

आता वार. आई आणि बाळ यांच्यामध्ये बसलेला हा अवयव ऑक्सिटोसिनचा वैरीही आहे. त्यातून एक एन्झाइम आईच्या रक्तात उतरतं, ऑक्सिटोसिनेज, आणि ते ऑक्सिटोसिनचं कडं कातरत बसतं. दिवस भरत येतील तसं ते वाढतं. गरोदर बाईच्या रक्तात शिरलेलं ऑक्सिटोसिन तीन ते सहा मिनिटांत निम्मं होतं; त्यात यकृत आणि मूत्रपिंडाचाही हात असतो. रक्त नळीत काढलं म्हणून एन्झाइम हात थांबवत नाही. म्हणून तो बर्फ, म्हणून नळीत आधीच घातलेलं एन्झाइम अडवणारं रसायन, म्हणून ते जिन्यावरून पळणं. सेंट्रिफ्यूजही थंड हवं आणि वर आलेला पिवळा प्लाझ्मा उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये जायला हवा. एकदा एका वॉर्डबॉयने सात नळ्या 'उद्या सकाळी देतो' म्हणून खिडकीत ठेवल्या होत्या. त्या सात बायकांच्या रक्तात, आमच्या वहीप्रमाणे, कळांच्या ऐन भरात ऑक्सिटोसिन जवळजवळ नव्हतंच. वर लेबर रूममध्ये सातही बाळं रडत होती.

ही चूक लगेच दिसली. दुसरी चूक माझी स्वतःची होती आणि ती दिसायला दोन वर्षं गेली. आम्ही दर अर्ध्या तासाने रक्त घ्यायचं ठरवलं होतं. बाईला सुया-नळ्यांचा त्रास कमी, रेसिडेंटला झोपेचे चार क्षण आणि मला पळायला उसंत, सगळ्यांच्या सोयीचं. पण पिट्युटरीतून ऑक्सिटोसिन नळाच्या धारेसारखं येत नाही. ते उमाळ्यांनी येतं. १९९१ मध्ये ॲना-रिटा फुक्स आणि सहकाऱ्यांनी दर मिनिटाला रक्त घेतलं, सलग तीस मिनिटं. कळा सुरू होण्याआधी तीस मिनिटांत सरासरी १.२ उमाळे दिसले, पहिल्या टप्प्यात ४.२, आणि बाळ बाहेर येण्याच्या व वार पडण्याच्या टप्प्यात ६.७. उमाळे वाढले आणि लांबलेही. हा लेख वाचला त्या दिवशी मी आमची वही समोर घेऊन बसले. दर अर्ध्या तासाने एसटी स्टँडचा एक फोटो काढायचा आणि त्यावरून दिवसभरात किती गाड्या सुटल्या ते सांगायचं, असा आमचा अभ्यास होता. कुठे फलाटावर गाडी होती, कुठे नव्हती. तो अभ्यास छापून आला नाही, आणि येऊ नये असाच होता.

हे उमाळे कशाने येतात त्याचं एक उत्तर १९४१ पासून हाताशी आहे. फर्ग्युसन नावाच्या संशोधकाने सशांमध्ये दाखवलं की गर्भाशयाच्या तोंडावर ताण पडला की मज्जातंतूंवाटे वर मेंदूत खबर जाते, पिट्युटरी ऑक्सिटोसिन सोडते, गर्भाशय आवळतं, बाळाचं डोकं आणखी खाली रेटतं आणि ताण आणखी वाढतो. (पुण्याच्या कॉलेजशी याचा संबंध नाही, ते नाव मुंबईच्या गव्हर्नरचं.) शरीरातली बहुतेक चक्रं 'पुरे झालं, थांब' असं म्हणणारी असतात. हे 'अजून, अजून' म्हणत जातं आणि बाळ बाहेर पडल्यावरच थांबतं. खबर नेणारी वाट बधिर केली तर? १९८३ मध्ये ब्रिटनमधल्या एका छोट्या अभ्यासात, एपिड्युरल, म्हणजे पाठीतून बधिर करणारं इंजेक्शन, न घेतलेल्या बायकांमध्ये तोंड पुरतं उघडल्यापासून डोकं दिसेपर्यंत ऑक्सिटोसिन वाढलं; घेतलेल्यांमध्ये ती वाढ दिसली नाही. याचा अर्थ एपिड्युरल घेऊ नये असा काढणारे लोक मला लग्नकार्यात भेटतात. अर्थ एवढाच की शेवटच्या टप्प्यात जोर कमी पडला तर डॉक्टरांना कारणाचा एक धागा मिळतो. वेदना सोसण्याचे गुण कोणी वाटत नसतं.

आणि मग ज्याने माझी प्रयोगशाळेतली ऐट पुरती उतरवली ते काम. फुक्सबाईंचंच, १९८२ चं. कळा सुरू होण्याच्या सुमारास रक्तातलं ऑक्सिटोसिन फारसं वाढलेलं नसतं. वाढलेले असतात ते गर्भाशयाच्या स्नायूवरचे रिसेप्टर, ऑक्सिटोसिनची हाक ऐकणारे कान. गरोदरपणात ते वाढत जातात आणि कळांच्या सुरुवातीला शिगेला पोचतात. हाक तेवढीच, कान तिखट झालेले. आठव्या महिन्यात ज्या मात्रेला गर्भपिशवी ढिम्म हलत नाही, त्याच मात्रेला दिवस भरल्यावर कळ येते. मी रक्तात हाक मोजत होते. कान स्नायूत होते, तिथवर माझी सुई पोचणार नव्हती. उलटंही होतं. औषधाचं ऑक्सिटोसिन तासन्‌तास चालू राहिलं की हेच कान बधिर होत जातात. रक्तात भरपूर आणि पिशवी दाद देत नाही. बाळंतपणानंतर जास्त रक्तस्राव होण्याची जी भीती डॉक्टरांना अशा वेळी वाटते, तिचं एक मूळ इथे आहे.

१९९६ मध्ये तर आणखी गंमत झाली. ऑक्सिटोसिनचा जनुकच काढून टाकलेल्या उंदरिणी संशोधकांनी तयार केल्या. त्या व्यवस्थित व्यायल्या. पिल्लं जगली नाहीत, कारण पोटात दूध गेलं नाही. आईपाशी दूध होतं, पान्हा नव्हता. कळेला पर्याय निघतात, प्रोस्टाग्लँडिन आणि इतर मंडळी काम उचलून धरतात. पान्ह्याला मात्र उंदरांत तरी पर्याय नाही. बाई म्हणजे उंदरीण नव्हे, हे खरं. पण 'जन्माचं हार्मोन' हे नाव आपण अर्ध्या कामावरून दिलं, असं मला तेव्हापासून वाटतं.

लेबर रूमला हे सगळं ऐकायला वेळ नसतो. तिथे ऑक्सिटोसिन म्हणजे 'कळांचं सलाईन'. ब्रॅडफर्डच्या थिओबाल्ड यांनी १९४८ मध्ये पिट्युटरीचा अर्क थेंबाथेंबाने, शरीराला सोसेल इतक्याच मात्रेत द्यायची कल्पना मांडली, आणि अंदाजाच्या इंजेक्शनांचा जमाना हळूहळू मागे पडला. अडीच युनिट पाचशे मिलिलिटरच्या बाटलीत. वीस थेंबांचा एक मिलिलिटर देणारा सेट असेल तर मिनिटाला दहा थेंब म्हणजे अडीच मिलियुनिट. हा हिशेब सिस्टर तोंडी करते. रोलर एक बारीक फिरवते, थेंब बघते, पुन्हा हात पोटावर. शरीरात जाणारं ऑक्सिटोसिन थेंबाने मोजलेलं, आणि रक्तात पोचलेलं कुणीच न मोजलेलं. २०२३ मध्ये या विषयावरचे जुने अभ्यास एकत्र करून पाहिले गेले तेव्हा मिनिटाला दहा मिलियुनिटपर्यंतच्या ड्रिपने रक्तातली पातळी साधारण दुप्पट-तिप्पट होते असं दिसलं. स्वतःच्या कळांनी बाळंत होणाऱ्या बाईत जन्माच्या वेळी ती तीन-चार पट होते, असं २०१९ च्या तशाच आढाव्यात आहे. आकडे जवळपासचे, चाल वेगळी. ड्रिप एका लयीत चालतं, आणि त्यातलं ऑक्सिटोसिन रक्तातून मेंदूत फारसं शिरत नाही. शरीराचं स्वतःचं ऑक्सिटोसिन उमाळ्यांनी येतं आणि मेंदूतही आपल्या वाटेने पसरतं. एका नळीतल्या आकड्याला हा फरक दिसत नाही.

औषधाच्या राजकारणाचं एक प्रकरण पुस्तकात आहे. मी दोनच ओळी लिहिते. म्हशींना पान्हा फुटावा म्हणून गोठ्यांत ऑक्सिटोसिन टोचतात, हे कारण पुढे करून केंद्र सरकारने एप्रिल २०१८ मध्ये खासगी कंपन्यांना देशातल्या वापरासाठी ते बनवायला मनाई केली आणि काम कर्नाटकातल्या एका सरकारी कंपनीवर सोपवलं. त्याच वर्षी डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली. मधल्या महिन्यांत प्रसूतितज्ज्ञांच्या पोटात गोळा आला होता, कारण बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखायला दहा युनिटचं इंजेक्शन हेच पहिलं हत्यार. आणि ते हत्यारही फ्रिजमध्येच जपावं लागतं, दोन ते आठ अंशांत. बर्फ काही आमची पाठ सोडत नाही.

आता किटांबद्दल, कारण यावर भांडल्याशिवाय मला प्रस्तावना संपवता येणार नाही. गेल्या पंचवीसेक वर्षांत तयार किटं आली, किरणोत्सर्गाची भानगड नाही, प्लाझ्मा थेट घाला आणि आकडा घ्या. आकडे आले ते शेकड्यांत. जिथे जुनी पद्धत पाच म्हणायची तिथे किट तीनशे म्हणायचं. आमच्या पहिल्या किटानेही हेच केलं. मी तोच प्लाझ्मा आधी गाळणीसारख्या छोट्या कॉलममधून काढला, बाकीची प्रथिनं मागे ठेवली, आणि पुन्हा मोजलं तर आकडा धाडकन एक अंकी. पंगतीत बिनबोलावलेले बसले होते. 'प्रेमाचं हार्मोन' म्हणून वर्तमानपत्रांतून गाजलेले कितीतरी अभ्यास अशा न गाळलेल्या रक्तावर उभे आहेत, आणि २०१३ मध्ये मॅकलॉ, चर्चलंड आणि मेंडेझ या तिघांनी त्यांवर विश्वास ठेवावा का असं सरळ विचारलं. मला फार बरं वाटलं. तीनच वर्षांनी नॉर्वेतल्या एका गटाने प्रथिनांना चिकटलेलं ऑक्सिटोसिन रासायनिक रीतीने सोडवून मोजलं, तर आकडा पुन्हा शेकड्यांत. म्हणजे गाळणीत मी जे मागे ठेवत होते त्यात खरे पाहुणेही असतील? मोकळं किती, चिकटलेलं किती, आणि पिशवीला ऐकू येतं ते कुठलं, हा वाद चालू आहे. लेखिका आणि मी या मुद्द्यावर फोनवर दोनदा भांडलोय. पुस्तकात त्यांनी त्यांची बाजू लिहिली आहे. मला ती पटलेली नाही.

पटलं ते बाळंतपणानंतरचं प्रकरण. आपण सगळे बाळ बाहेर आलं की पेन खाली ठेवतो. १९९५ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी ठेवलं नाही. जन्मानंतर पंधरा, तीस, पंचेचाळीस मिनिटांनी आईच्या रक्तातलं ऑक्सिटोसिन जन्माच्या आधीपेक्षा जास्त होतं, वार पडून पिशवी आवळण्याच्या त्या वेळात. पुढे २००१ मध्ये तिथेच आईच्या उघड्या छातीवर ठेवलेल्या दहा नवजात बाळांचे हात बघितले गेले. बाळ दूध ओढायला लागण्याआधी मुठी उघडतं, स्तन चोळतं, थांबतं, पुन्हा चोळतं. आणि हातांची ही हालचाल जास्त तेव्हा आईच्या रक्तात ऑक्सिटोसिन जास्त. आपल्या लेबर रूममध्ये त्या वेळी बाळ बहुतेकदा वजनकाट्यावर असतं. ते प्रकरण वाचल्यावर मला आमच्या तेव्हाच्या मावशी आठवल्या. त्या बाळ पुसून सरळ आईच्या अंगावर टाकायच्या आणि सिस्टर ओरडली की म्हणायच्या, "जाऊ द्या हो, पान्हा फुटू दे."

एक बाई आठवते, तिसरी खेप होती. नळी भरत असताना तिने विचारलं, रक्तात काय बघता? मी सांगितलं, कळा आणणारं औषध तुमचं शरीरच तयार करतं, ते किती आहे ते मोजतोय. कळ ओसरेपर्यंत ती डोळे मिटून होती. मग म्हणाली, "मला विचारा की. भरपूर आहे."

ती जुनी वही मी या पुस्तकासाठी लेखिकेला दिली, आणि तिचं एक पान आत छापलंय. रकाने माझ्या हाताने आखलेले: वेळ, किती बोटं, शेवटची कळ, नळी क्रमांक, शेरा. दीड वाजताची ओळ आहे, दोनची आहे, अडीचची आहे, तीनची आहे. साडेतीनच्या ओळीत नळी क्रमांकाच्या जागी रेघ आहे आणि शेऱ्यात रेसिडेंटचं घाईतलं अक्षर: डोकं दिसलं. सुई काढली, तिला हात मोकळा हवा होता.